कपाटावरचा प्रोजेक्ट आणि एक लाख कोटी

फायनल इयरची व्हायवा संपली. एक्स्टर्नलनी दोन प्रश्न विचारले, चहा घेतला, 'गुड वर्क' म्हणत सही ठोकली. तुमचं यंत्र चाललं. निदान त्या दहा मिनिटांत तरी चाललं. मग ब्लॅक बुकवर सोनेरी अक्षरं चढली आणि यंत्र लॅबमधल्या कपाटावर गेलं. त्याच्या शेजारी आधीच्या बॅचचं यंत्र, त्याच्यामागे त्याच्याही आधीचं. आपल्या कॉलेजातल्या त्या कपाटावर एकदा नजर टाका. त्यातली निम्मी यंत्रं फालतू असतील, मान्य. पण दोन-तीन अशी असतात की बघणारा म्हणतो, 'अरे, याचं पुढे काय झालं?'

काहीच झालेलं नसतं. का झालं नाही, हा आजचा विषय आहे. आणि तो थेट सरकारच्या तिजोरीपर्यंत जातो.

एक उदाहरण धरून चालू. समजा, तुमच्या ग्रुपने कांद्याच्या चाळीसाठी यंत्र केलंय. कांदा सडायला लागला की त्यातून वायू बाहेर पडतात. माणसाच्या नाकाला वास येतो तोवर आजूबाजूचा बराच कांदा गेलेला असतो. तुमचा सेन्सर तो वास आधी पकडतो आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज टाकतो. लॅबमध्ये प्लास्टिकच्या डब्यात चार किलो कांदे ठेवून तुम्ही हे करून दाखवलंत. पण चाळ म्हणजे डबा नव्हे. तिथे वारा आरपार जातो, पावसाळ्यात हवा दमट होते, धूळ आहे, वायर कुरतडणारे उंदीर आहेत. नाशिककडचा उन्हाळी कांदा मार्च ते मेच्या दरम्यान निघतो, चाळीत भरला जातो आणि पुढे दिवाळीपर्यंत थोडा थोडा करून बाजारात येतो. म्हणजे तुमच्या यंत्राची खरी परीक्षा वर्षातून एकदाच होते. वीस यंत्रं बनवून वीस चाळींत सहा महिने ठेवायची तर सेन्सर, सर्किट बोर्ड, पावसात टिकणारा डबा, सिमकार्डं, लासलगाव-निफाडच्या फेऱ्या असा सगळा मिळून काही लाखांचा खर्च आहे.

तो कोण देणार? बँक तारण मागेल, वर तीन वर्षांची रिटर्न्स मागेल. गुंतवणूकदार विचारेल, 'ग्राहक किती आहेत?' अहो, यंत्र चाळीत चालतं की नाही हेच अजून माहीत नाही, ग्राहक कुठून आणणार? बाबांची एफडी मोडता येईल, पण तिच्यावर बहिणीचं शिक्षण आहे. लॅबमध्ये चाललं आणि बाहेर चाललं, या दोन वाक्यांमधल्या खड्ड्यात बहुतेक प्रोजेक्ट पडतात. खड्डा तसा फार खोल नसतो, पण त्यावर फळी टाकायला कुणी तयार नसतं, कारण पलीकडे काही आहे की नाही हे आधी कुणालाच ठाऊक नसतं.

आता बातमी. ३ नोव्हेंबर २०२५ रोजी पंतप्रधानांनी 'रिसर्च, डेव्हलपमेंट अँड इनोव्हेशन' म्हणजे आरडीआय निधीची सुरुवात केली. आकडा आहे एक लाख कोटी रुपये. त्याआधी १ जुलैला केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली होती. सोशल मीडियावर लगेच रील्स आल्या: 'तुमच्या आयडियाला सरकार देणार पैसे!' तुमच्यापैकी काहींनी त्या शेअरही केल्या असतील.

जरा थांबा आणि योजनेतले बारीक अक्षरातले मुद्दे वाचा. हा पैसा मुख्यतः दीर्घ मुदतीचं कर्ज म्हणून दिला जाणार आहे, व्याज कमी किंवा शून्य. काही ठिकाणी, विशेषतः स्टार्टअप्सना, भागभांडवल म्हणून. ग्रँट म्हणून नाही. तो थेट कंपनीलाही मिळणार नाही. आधी तो 'अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन'कडच्या खास निधीत जाईल, तिथून दुसऱ्या पातळीवरच्या फंड मॅनेजरांकडे, आणि ते कंपन्या निवडतील. सगळ्यात महत्त्वाची अट म्हणजे तंत्रज्ञान 'टीआरएल ४' किंवा त्याच्या वर असायला हवं.

टीआरएल म्हणजे टेक्नॉलॉजी रेडिनेस लेव्हल, तंत्रज्ञान किती तयार आहे ते मोजायची नऊ पायऱ्यांची शिडी. ती मूळची नासाची. पहिल्या पायरीवर नुसतं तत्त्व माहीत असतं, तिसरीवर कल्पना प्रयोगाने सिद्ध होते, चौथीवर यंत्राचे भाग एकत्र जोडून प्रयोगशाळेत तपासलेले असतात, नवव्या पायरीवर वस्तू प्रत्यक्ष वापरात असते. तुमचा कांद्याचा डबा तिसरी आणि चौथीच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतोय. आणि चौथीवर चढलात तरी कर्ज घेणार का? बावीस वर्षांच्या पोराने, अजून सिद्ध न झालेल्या यंत्रासाठी?

मला ही योजना चुकीची वाटत नाही. देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार जीडीपीच्या ०.६४ टक्के आहे आणि त्यात खासगी क्षेत्राचा वाटा निम्म्याहून कमी. मोठ्या कंपन्यांनी स्वतःची संशोधनं मोठी करावीत, म्हणून हा पैसा आहे. ठीक आहे. पण कपाटावरच्या यंत्राची गोष्ट एक लाख कोटींची नाही, ती दहा-वीस लाखांची आहे. आणि या छोट्या रकमेने काय होतं, याचा चाळीस वर्षांचा अनुभव जगाकडे आहे.

तो अनुभव अमेरिकेचा. १९७७ साली तिथल्या 'नॅशनल सायन्स फाउंडेशन'मध्ये रोलंड टिबेट्स नावाच्या अधिकाऱ्याने छोट्या कंपन्यांना संशोधनासाठी पैसे देणारा एक कार्यक्रम सुरू केला. १९८२ मध्ये रेगन यांच्या सहीने त्याचा कायदा झाला आणि 'स्मॉल बिझनेस इनोव्हेशन रिसर्च', म्हणजे एसबीआयआर जन्माला आलं. मोठी विद्यापीठं तेव्हा विरोधात होती. आमच्या वाट्याचा पैसा गॅरेजवाल्यांना कशाला, असा त्यांचा सूर. तरी कायदा झाला. सुरुवातीला वाटा अगदी किरकोळ होता. आज ज्या सरकारी खात्याचं बाहेरच्यांना द्यायचं संशोधनाचं बजेट वर्षाला १० कोटी डॉलरच्या वर आहे, त्याला त्यातला किमान ३.२ टक्के भाग छोट्या कंपन्यांसाठी बाजूला काढावाच लागतो. संरक्षण, आरोग्य, ऊर्जा, नासा, सगळे त्यात आले. मंत्री बदलला, मूड बदलला, तरी तो वाटा कायद्यातच लिहिलेला.

पद्धत तीन टप्प्यांची. पहिल्यात थोडे पैसे आणि साधारण सहा महिने: कल्पना चालते का ते बघ. दुसऱ्यात जास्त पैसे आणि साधारण दोन वर्षं: नीट बनव. तिसऱ्या टप्प्यात मात्र या कार्यक्रमातून एकही डॉलर नाही. तिथे बाजारात जायचं, किंवा मग तेच सरकारी खातं ग्राहक बनतं आणि फेरनिविदेशिवाय थेट कंत्राट देऊ शकतं. या तिसऱ्या टप्प्याकडे आपण पुन्हा येऊ, कारण आपलं घोडं तिथेच अडतं. मोबाइलच्या चिपमुळे तुम्हाला माहीत असलेल्या क्वालकॉमनेही अगदी लहान असताना हे पैसे घेतले होते.

आता गंमत बघा. सबरीना हॉवेल या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या अशा ग्रँटचा अभ्यास केला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी युक्ती साधी वापरली. गुणवत्ता यादीत थोडक्यात निवडल्या गेलेल्या आणि थोडक्यात हुकलेल्या कंपन्यांची तुलना केली. म्हणजे आपल्याकडे कटऑफच्या एक मार्क वर आणि एक मार्क खाली असलेली मुलं. गुणवत्तेत फारसा फरक नाही, नशिबात आहे. निष्कर्ष असा की पहिल्या टप्प्यातली दीड लाख डॉलरची ग्रँट मिळालेल्या कंपनीला पुढे व्हेंचर कॅपिटल मिळण्याची शक्यता जवळपास दुप्पट होते. दुसऱ्या टप्प्यातल्या कितीतरी मोठ्या रकमेचा मात्र तसा परिणाम दिसला नाही. सरकारचा शिक्का मिळाला म्हणून गुंतवणूकदार आले, असंही नाही. पैशातून प्रोटोटाइप बनला, तो चालतो हे दिसलं, म्हणून आले. आणि ज्यांच्याकडे आधीपासून पैसे कमी होते, त्यांना फायदा जास्त झाला.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

आपल्याकडे काय आहे? बरंच आहे. नावं मात्र अशी की रेशन कार्डाच्या अर्जासारखी वाटावीत. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ मध्ये एसबीआयआरआय सुरू केलं. अमेरिकन नावापुढे एक 'इनिशिएटिव्ह' जोडलं इतकंच. २०१२ मध्ये 'बायरॅक' ही स्वतंत्र संस्था झाली आणि तिची 'बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट' म्हणजे 'बिग' आली: १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत. जैवतंत्रज्ञान म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर सूक्ष्मदर्शक येतो, पण वैद्यकीय उपकरणं आणि शेतीतलं तंत्रज्ञानही त्यात येतं. पुण्यात पाषाण रोडला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या, म्हणजे एनसीएलच्या आवारात 'व्हेंचर सेंटर' आहे, ते या ग्रँटचं एक भागीदार केंद्र.

बायोशी संबंध नसेल तर विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची 'निधी-प्रयास' बघा: प्रोटोटाइप बनवायला १० लाखांपर्यंत. पण हातात धरता येईल अशी वस्तू हवी. नुसतं अॅप घेऊन गेलात तर परत पाठवतील. (बरंच आहे. अॅप्स आपल्याकडे पुरेशी आहेत.) २०२१ मध्ये आलेल्या 'स्टार्टअप इंडिया सीड फंड'मध्ये प्रोटोटाइप आणि चाचण्यांसाठी २० लाखांपर्यंत ग्रँट, पण कंपनी नोंदलेली हवी आणि अर्ज करताना तिला दोन वर्षांहून जास्त काळ झालेला नसावा. संरक्षणात रस असेल तर २०१८ पासून 'आयडेक्स' आहे. तिथे लष्कर स्वतः प्रश्न मांडतं, तुम्ही उत्तर घेऊन जायचं, आणि रक्कम दीड कोटीपर्यंत जाते.

एक घोळ इथेच मिटवू. गावाकडे 'अनुदान' म्हटलं की ठिबक आणि ट्रॅक्टर आठवतो: वस्तू घ्यायची, पावती लावायची, पैसे खात्यात. या ग्रँट तशा नाहीत. इथे पैसे वस्तूसाठी नसून एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी असतात. 'दमट हवेत माझा सेन्सर खोटा अलार्म देतो का?' हा तुमचा प्रश्न. १८ महिन्यांनी उत्तर 'हो, देतो' असं आलं, तर ग्रँट वाया गेली का? माझ्या मते नाही. पुढच्या दहा लोकांचे पैसे वाचले. परीक्षक समितीही हे मानते. अर्जात 'देशातल्या सगळ्या शेतकऱ्यांचं उत्पन्न दुप्पट होईल' असं लिहिणाऱ्यापेक्षा, 'वीस चाळींत सहा महिने तपासणार आणि चुकीचे अलार्म इतक्यांच्या खाली आले नाहीत तर थांबणार' असं लिहिणारा जास्त गंभीर वाटतो. वाटायलाच हवा.

आता कुरकुर.

पहिली, वेळेची. हे पैसे एकरकमी येत नाहीत. ठरलेला टप्पा गाठला की पुढचा हप्ता. तत्त्व म्हणून बरोबर. पण अर्ज, छाननी, प्रेझेंटेशन, कागदपत्रं, करार, यात महिने जातात. ऑफिसच्या कॅलेंडरला मार्च एंड कळतो, कांद्याचा हंगाम कळत नाही. हप्ता मेच्या ऐवजी जुलैत आला तर ऑफिसच्या दृष्टीने दोन महिन्यांचा उशीर. तुमच्या दृष्टीने अख्खं वर्ष गेलं, कारण चाळ भरून झाली. त्या वर्षात ग्रुपमधले दोघं एमएसला जातात, एक जण हिंजवडीला रुजू होतो.

दुसरी, पोटाची. ग्रँट सेन्सरचे पैसे देते. तुमच्या रूमचं भाडं आणि मेसचं बिल कोण देणार? 'निधी-ईआयआर'सारखी फेलोशिप आहे, दरमहा विद्यावेतन देणारी, पण जागा थोड्या. एज्युकेशन लोनचा हप्ता सुरू झालेला असेल तर घरी काय सांगणार? म्हणजे १८ महिने बिनपगारी काढू शकणाऱ्या घरातली मुलंच बहुतेक अर्ज करतात. शिवाय अर्ज इंग्रजीत, इन्क्युबेटर पुण्या-मुंबईत, आणि परभणीच्या कॉलेजातल्या मुलीला 'टीआरएल' हा शब्द सांगणारं कुणी नाही. हॉवेल बाईंचं ते वाक्य आठवा: ज्यांच्याकडे पैसे कमी, त्यांना ग्रँटचा उपयोग जास्त. आपण नेमकं उलटं गाळतोय. चाळीचा प्रश्न ज्यांच्या घरात आहे ती मुलं बाहेर, आणि ज्यांनी कांदा फक्त पावभाजीवर पाहिलाय ती आत. हे जरा जास्तच बोललो असेन, पण पूर्ण खोटं नाही.

तिसरी कुरकुर मला सगळ्यात मोठी वाटते: पहिला ग्राहक. यंत्र बनलं, चाळीत चाललं, पुढे? आरोग्याचं यंत्र असेल तर सरकारी रुग्णालय, शेतीचं असेल तर कृषी विभाग किंवा बाजार समिती, पाण्याचं असेल तर नगरपालिका. आपल्याकडे नव्या वस्तूचा मोठा ग्राहक सरकारच. आणि सरकार निविदा काढतं. निविदेत लिहिलेलं असतं, तीन वर्षांचा अनुभव, अमुक कोटींची उलाढाल. केंद्राच्या खरेदी नियमांत स्टार्टअप्सना अनुभव आणि उलाढालीच्या अटीतून सूट देता येते, बयाणा रक्कमही माफ होते. पण 'देता येते' आणि 'द्यावी लागते' यात टेबलापलीकडच्या माणसाचा स्वभाव असतो. नवं यंत्र घेतलं आणि बिघडलं तर चौकशी त्याची. जुनं घेतलं आणि बिघडलं तर कुणाचीच नाही. त्याच्या जागी तुम्ही काय केलं असतं? म्हणून एक खातं ग्रँट देतं, आणि शेजारचं खातं त्याच यंत्राला 'अनुभव नाही' म्हणून दारातून परत पाठवतं. अमेरिकेचा तिसरा टप्पा नेमका यासाठी आहे.

इथे महाराष्ट्राला एक गुण द्यायला हवा. राज्याच्या 'इनोव्हेशन सोसायटी'चा स्टार्टअप वीक २०१८ पासून होतो आणि त्यात जिंकणाऱ्याला नुसतं स्मृतिचिन्ह मिळत नाही. सरकारी खात्यात आपलं उत्पादन चालवून दाखवायला वर्क ऑर्डर मिळते. रक्कम लहान, पण 'आमचा पहिला ग्राहक सरकार' असं सांगता येतं. आयआयटी मुंबईतून निघालेल्या 'आयडियाफोर्ज'चं बघा. २००७ ची कंपनी. जानेवारी २०२१ मध्ये लष्कराची सुमारे २ कोटी डॉलरची ऑर्डर मिळाली तेव्हा तिचं नाव घरोघरी गेलं, आणि जुलै २०२३ मध्ये ती शेअर बाजारात आली. मधली वर्षं मोजा.

एका सापळ्याबद्दलही सांगायला हवं, कारण त्यात हुशार मुलं सापडतात. एक ग्रँट मिळाली की दुसरीचा अर्ज जमायला लागतो, मग तिसरीचा. पिच कॉम्पिटिशनमध्ये मोठ्या कार्डबोर्डचा चेक घेऊन फोटो. चार वर्षांनी कंपनीकडे सात पुरस्कार आणि शून्य ग्राहक. अमेरिकेत अशा कंपन्यांना 'एसबीआयआर मिल' म्हणतात, ग्रँटची गिरणी. हा वाद तिथे इतका पेटला की ३० सप्टेंबर २०२५ ला कार्यक्रमाची मुदत संपली तेव्हा नूतनीकरण वेळेत झालंच नाही. पुन्हा पुन्हा ग्रँट घेणाऱ्यांवर मर्यादा घालावी असं सिनेटर जोनी अर्न्स्ट यांचं म्हणणं. काही काम खरंच अनुभवी कंपन्याच करू शकतात, असं दुसऱ्या बाजूचं. चाळीस वर्षांचा कार्यक्रम त्यात अडकला आणि नव्या ग्रँट थांबल्या. ज्या छोट्या कंपन्यांचा पगार पुढच्या हप्त्यावर होता, त्यांचं काय झालं असेल याचा अंदाज करा.

'मग प्लेसमेंट घेऊ की अर्ज करू?' हा प्रश्न तुमच्या ओठांवर असणार. याचं सरसकट उत्तर देणाऱ्या मोटिव्हेशनल स्पीकरपासून लांब राहा. घरचा हप्ता असेल तर नोकरी घ्या, त्यात कमीपणा नाही. पण एक गोष्ट आधी तपासा. यापैकी काही योजनांना एकट्या व्यक्तीचाही अर्ज चालतो, कंपनी नंतर नोंदवता येते; मात्र नोकरी असेल तर मालकाची हरकत नसल्याचं आणि शोधावर त्याचा हक्क नसल्याचं दाखवावं लागू शकतं. ऑफर लेटरमधलं बौद्धिक संपदेचं कलम सही करण्याआधी वाचा. कॉलेजशीही हे लेखी मिटवा. ज्या सरांनी चार वर्षांत एकदाही लॅबमध्ये डोकावलं नाही, त्यांचं नाव पेटंटवर पहिलं, असे किस्से कँटीनमध्ये तुम्हीही ऐकले असतील.

आणि कॅलेंडर उलटं मोजा. यंत्रं मेमध्ये चाळीत हवीत. म्हणजे मार्चमध्ये बनायला घातलेली हवीत, म्हणजे पैसा फेब्रुवारीत हातात हवा. 'बिग'चे अर्ज साधारण जानेवारी आणि जुलैत निघत आलेत. जानेवारीचा तुमच्या काही कामाचा नाही, त्या मेपर्यंत काहीच होणार नाही. जुलै पकडायचा. म्हणजे जूनमध्ये अर्ज लिहून तयार हवा, आणि त्याआधी एखाद्या रविवारी लासलगावच्या बाजूला जाऊन दोन-तीन शेतकऱ्यांना विचारलेलं हवं की काका, असा मेसेज आला तर तुम्ही नेमकं काय कराल? चाळ उपसाल? त्या दिवशीचा भाव पडलेला असला तरी?

तोवर एक काम करा. लॅबमध्ये जाऊन यंत्र कपाटावरून खाली काढा आणि चालू होतंय का बघा. बहुतेक होणार नाही. ज्युनियर बॅचने त्यातला सेन्सर आपल्या प्रोजेक्टसाठी काढून नेलेला असतो. आधी तो परत मागून घ्या.